लडाखच्या ज्वालामुखी खडकांचे वय कसे काढावे: नमुन्यापासून निष्कर्षापर्यंत

महाबळेश्वरच्या कड्यांत दिसणारे बेसाल्टचे थर साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. त्याच सुमारास, भारत अजून आशियापासून दूर असताना, नव-टेथिस समुद्राच्या पलीकडच्या काठावर दुसरेच ज्वालामुखी जागे होते. त्यांचा लाव्हा आणि राख आज लडाखमध्ये, खारदुंग ला ओलांडून नुब्राकडे उतरताना भेटते. या खडकांना ‘खारदुंग व्होल्कॅनिक्स’ म्हणतात. वय जवळपास सारखे, पण जन्मकथा अगदी निराळी. दख्खनचा लाव्हा भूपट्टाच्या मधूनच फुटून आला. खारदुंगचा शिलारस तयार झाला तो समुद्रतळ आशियाखाली शिरत होता म्हणून. खाली जाणाऱ्या पट्टातून पाणी सुटते, ते वरच्या प्रावरणात (कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात) मुरते, प्रावरणाचा वितळणबिंदू खाली येतो आणि शिलारस वर चढू लागतो. यालाच सबडक्शनचा ज्वालामुखी म्हणायचे. भारतात आज असा जिवंत ज्वालामुखी पाहायचा तर अंदमानातल्या बॅरन बेटाकडे बोट दाखवावे लागते.

हा लेख एम.एस्सी. किंवा पीएच.डी.साठी पहिल्यांदाच वय काढायला निघालेल्यांसाठी आहे. उदाहरण लडाखचे घेतले असले तरी पद्धत कुठल्याही जुन्या ज्वालामुखी पट्ट्याला लागू पडते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे: यंत्र जो आकडा देते तो एका स्फटिकातल्या एका ठिपक्याचा असतो, लाव्हा बाहेर पडल्याच्या दिवसाचा नसतो. तिथून लाव्हापर्यंत आणि लाव्हापासून सबडक्शनपर्यंत पोहोचायचे काम तुमचे.

प्रश्न आधी, नमुना नंतर

‘या खडकाचे वय काढायचे आहे’ हा प्रश्नच नव्हे. ज्वालामुखी कधी सुरू झाला? किती काळ चालला? कधी थांबला? पहिल्या प्रश्नाला थरांच्या तळाचा नमुना लागतो, तिसऱ्याला माथ्याचा, दुसऱ्याला दोन्ही. खारदुंगच्या रायोलाइटमधल्या (सिलिका जास्त असलेल्या लाव्हाच्या खडकातल्या) झिरकॉन या टिकाऊ खनिजाची २००२ साली प्रसिद्ध झालेली दोन वये आहेत: ६ कोटी ७४ लाख आणि ६ कोटी ५ लाख वर्षे, अनिश्चितता दहा-तेरा लाखांची. मध्ये सत्तर लाख वर्षांचे अंतर. दोन्ही नमुने थरात नेमके कुठे बसतात हे माहीत असेल तरच त्या अंतराला अर्थ आहे. जागा न नोंदलेले वय म्हणजे नुसता आकडा.

प्रश्न ठरला की खनिज ठरते. रायोलाइट, डेसाइट, राखेचे टफ (घट्ट झालेल्या राखेचे खडक) यांत झिरकॉन बहुधा मिळतो, म्हणून युरेनियम-शिसे पद्धत: झिरकॉनमधल्या युरेनियमचे किती शिसे झाले त्यावरून वय. अँडेसाइटमध्ये ताजे हॉर्नब्लेंड असेल तर आर्गॉन-आर्गॉन, म्हणजे पोटॅशियमपासून झालेल्या आर्गॉनवरून वय. बेसाल्टमध्ये झिरकॉनची आशा फारशी धरू नये. तिथे प्लॅजिओक्लेज किंवा ताजा बारीक गाभा निवडून आर्गॉन पद्धत वापरतात. दख्खनमध्ये एक छान वाट सापडली. लाव्हाच्या दोन थरांमध्ये घाटरस्त्यांवर जी तांबडी मातकट पट्टी दिसते, तिच्यापैकी काहींमध्ये ज्वालामुखी राखेतून आलेले झिरकॉन मिळाले, आणि त्यांच्यावरून बेसाल्टच्या थरांची वये फार बारकाईने बांधता आली. लडाखमधल्याच द्रासच्या बेसाल्टवर काम करणाऱ्यांनीही हेच करावे: बेसाल्टशी झगडत बसण्यापेक्षा मधले आम्लधर्मी (सिलिका जास्त असलेले) टफ आणि बेसाल्टला छेदून गेलेले डाइक (भेगांत गोठलेल्या शिलारसाच्या भिंती) शोधावेत. शिवाय द्रासच्या थरांमध्ये ऑर्बिटोलिना जीवाश्मांचे चुनखडक आहेत. ते क्रिटेशियस काळाचे, म्हणजे फुकटात मिळालेली उलटतपासणी.

मैदानात

लेहची उंची सुमारे ३५०० मीटर आहे. उतरल्या उतरल्या हातोडा घेऊन निघू नका, दोन दिवस शरीराला द्या. परवाने आधी काढा. लष्करी हद्दीजवळ फोटो आणि ड्रोनचा विषयच काढू नका.

खारदुंगच्या रस्त्यावर सगळ्यात मोठा मोह असतो तो रस्ता फोडताना कडेला पडलेल्या सुंदर, ताज्या शिळांचा. त्या वरून गडगडत आल्या की डंपरमधून, कोण सांगणार? नमुना जागेवरच्या खडकातूनच घ्यायचा. हवामानाने कुजलेली तांबूस-तपकिरी साल हातोड्याने फोडून टाका आणि आतला करकरीत भाग घ्या. क्वार्ट्झ, कॅल्साइट किंवा हिरव्या एपिडोटच्या शिरा दिसल्या तर ती जागा सोडा. रायोलाइटचा नमुना दोन ते पाच किलो पुरतो. अँडेसाइटचा दहा किलो तरी उचला, झिरकॉन कमी असतात.

टफ आणि इग्निम्ब्राइट (तप्त राखेच्या लोटातून बनलेला खडक) घेताना डोळे उघडे ठेवा. स्फोटाच्या वेळी ज्वालामुखीच्या नळीतले जुने खडक फुटून राखेत मिसळतात. असे परके तुकडे तिथेच, मैदानात, छिन्नीने काढून टाका. नाहीतर प्रयोगशाळेत त्यांचे झिरकॉन तुमच्या झिरकॉनमध्ये बेमालूम मिसळतील आणि मग त्यांना वेगळे काढताना नाकी नऊ येतील.

पिशवीच्या आत एक चिठ्ठी, पिशवीवर मार्करने तोच क्रमांक. जीपीएस, थराची दिशा आणि नती, वरखालचे खडक, आणि हातोडा ठेवून काढलेला फोटो. डायरीत एक साधा उभा छेद काढा. पेपर लिहिताना जीपीएसपेक्षा हा छेदच जास्त कामी येतो.

स्वस्त चाचण्या आधी

वय काढणे महाग, थिन सेक्शन (खडकाचा प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप) स्वस्त. म्हणून आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. फेल्डस्पार धुरकट होऊन सेरिसाइट झाले आहे का, हॉर्नब्लेंडच्या कडेला क्लोराइट चढले आहे का, काचेची जागा चिकणमातीने घेतली आहे का? आर्गॉन पद्धतीसाठी असे नमुने बाद. झिरकॉनला मात्र या बदलांचे फारसे सोयरसुतक नसते, म्हणून खडक बराच बदललेला असला तरी युरेनियम-शिसे पद्धतीचा रस्ता खुला राहतो. लडाखच्या खडकांनी टक्कर, घड्या, उष्ण पाणी असे सगळे सोसले आहे. त्यामुळे तिथल्या कामात झिरकॉनचे पारडे जड.

याच टप्प्यावर थोडी पावडर रासायनिक पृथक्करणाला पाठवा. त्या आकड्यांची गरज पुढे लागणार आहे.

झिरकॉन वेगळे काढणे

या कामाला हात आणि चिकाटी लागते, आणि बहुतेक वाईट वये इथेच जन्माला येतात.

खडक जॉ क्रशरमध्ये फोडायचा, मग डिस्क मिलमध्ये दळायचा आणि २५० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळायचा. एकदम बारीक पीठ करू नका, लांब सुयांसारखे झिरकॉन मोडतात. थोडे दळा, चाळा, चाळणीवर राहिलेले परत दळा. दोन नमुन्यांमध्ये क्रशर उघडून ब्रश, हवेचा झोत आणि अल्कोहोलने स्वच्छ करा, नंतर शुद्ध क्वार्ट्झ दळून टाकून द्या. तुमच्या तरुण रायोलाइटमध्ये अडीचशे कोटी वर्षांचा एकच झिरकॉन सापडला, तर तो आशियाच्या जुन्या कवचातून आला असेल. किंवा तुमच्या आधी ज्याने धारवाडचे खडक दळले त्याचा असेल. क्रशरची नोंदवही पाहिल्याशिवाय त्या कणावर सिद्धांत रचू नका.

दळलेली वाळू विल्फ्ली टेबलावर किंवा पाण्याच्या तव्यात फिरवायची. सुपात धान्य पाखडावे तसे इथे हलके क्वार्ट्झ-फेल्डस्पार वाहून जातात आणि जड कण मागे राहतात. मग हाती धरायचे चुंबक फिरवून मॅग्नेटाइट आणि क्रशरच्या पोलादाचा कीस काढायचा. त्यानंतर जड द्रव. झिरकॉनची घनता ४.६ च्या आसपास, ब्रोमोफॉर्मची २.८९, डायआयोडोमिथेनची ३.३२. झिरकॉन दोन्हींत तळाला जातो. ही दोन्ही द्रव्ये विषारी आहेत. फ्यूम हूडशिवाय बाटली उघडायचीच नाही. सोडियम पॉलिटंगस्टेट पाण्यात विरघळते आणि परत वापरता येते. ते चिकट आणि संथ असले तरी विद्यार्थ्यांच्या हाती मी तेच देईन.

शेवटी फ्रान्झचे चुंबकीय यंत्र, विद्युतप्रवाह हळूहळू वाढवत. सर्वांत कमी चुंबकीय राहणारे झिरकॉन बहुधा सर्वांत स्वच्छ असतात. पण फक्त तेवढेच उचललेत तर निवड एकांगी होते. म्हणून द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली लांब, आखूड, स्वच्छ, गढूळ असे सगळ्या प्रकारचे कण वेचा आणि कुठला कण कोणत्या प्रकारातला ते लिहून ठेवा. गोल, घासलेले कण दिसले तर सावध व्हा; तुमचा ‘टफ’ कदाचित वाहून आलेल्या राखेचा वालुकाश्म असेल.

कण दुहेरी टेपवर ओळीत लावायचे, वर इपॉक्सी ओतायचे, घट्ट झाल्यावर निम्मे कण उघडे पडेपर्यंत घासून चकचकीत करायचे. शेजारी प्रमाण झिरकॉनचे, म्हणजे वय आधीच पक्के माहीत असलेल्या झिरकॉनचे, कणही बसवायचे.

गाभा आणि कडा

चकचकीत केलेला माउंट (कण बसवलेली इपॉक्सीची चकती) इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कॅथोडोल्युमिनेसन्सने, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने कणातून निघणाऱ्या प्रकाशात, बघा. ही पायरी गाळणाऱ्याचे वय मी वाचत नाही. शिलारसात वाढलेल्या झिरकॉनमध्ये बारीक, एकाआड एक फिकट-गडद पट्ट्या दिसतात. मध्ये वेगळ्या आकाराचा, कडा झिजलेला गाभा दिसला तर तो जुना, दुसरीकडून आलेला.

लेहजवळच्या ग्रॅनाइटचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. तिथल्या एका नमुन्यात झिरकॉनच्या गाभ्यांचे वय सुमारे ५ कोटी ८० लाख आणि कडांचे सुमारे ५ कोटी वर्षे निघाले. एकच कण, दोन घटना, मध्ये ऐंशी लाख वर्षे. लेसरचा ठिपका दोन्हींच्या सीमेवर पडला असता तर ५ कोटी ४० लाख असे एक वय आले असते, दिसायला अगदी सभ्य, आणि तेव्हा काहीही घडलेले नसते.

प्रतिमा छापून घ्या, पेनाने ठिपके ठरवा, भेगा आणि आतले इतर खनिजांचे कण टाळा.

मोजमाप

लेसर आयसीपी-एमएसमध्ये (लेसरने उडवलेल्या कणांचे अणू मोजणाऱ्या यंत्रात) साधारण २० ते ४० मायक्रॉनचा ठिपका जाळतात. काम वेगाने होते, अचूकता एक-दोन टक्के. आयन प्रोबमध्ये (लेसरऐवजी आयनांचा झोत वापरणाऱ्या यंत्रात) ठिपका उथळ, म्हणून पातळ कडांसाठी उत्तम. तिसरी पद्धत सीए-टिम्स: झिरकॉन सुमारे ९०० अंशांवर तापवून, हायड्रोफ्लोरिक आम्लाने त्याचे किरणोत्साराने खराब झालेले भाग विरघळवून, उरलेला कण पूर्ण विरघळवून मोजतात. अचूकता ०.१ टक्का किंवा त्याहून चांगली, पण गाभा-कडा एकत्र होतात. दहा लाख वर्षांच्या फरकावर प्रश्न अडला नसेल तर लेसर पुरे.

भारतात आता बाहेर नमुने पाठवल्याशिवायही काम होते. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये राष्ट्रीय भूकालमापन सुविधा आहे, डेहराडूनच्या वाडिया संस्थेत लेसर यंत्रणा आहे, आणि आयआयटी मुंबईत आर्गॉन-आर्गॉनची राष्ट्रीय सुविधा आहे. वेळ मिळवायला अर्ज लवकर करा.

मोजताना दर पाच-सहा ठिपक्यांनंतर प्रमाण झिरकॉन मोजायचा. एक प्रमाण दुरुस्तीसाठी आणि दुसरा, वय माहीत असलेला, परीक्षेसाठी. प्लेसोविचे झिरकॉनचे वय ३३ कोटी ७१ लाख वर्षे आहे. तुमच्या सत्रात ते ३४ कोटी ५० लाख आले तर दोष लडाखचा नाही, सत्राचा आहे.

आकडा कसा निघतो

एकदा हाताने करून बघा. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य ४४६ कोटी ८० लाख वर्षे, म्हणून क्षयांक वर्षाला १.५५१२५ × १०⁻¹⁰. समजा शिसे-२०६ आणि युरेनियम-२३८ यांचे गुणोत्तर ०.०१०५१ आले. त्यात १ मिळवा, नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या: ०.०१०४५५. क्षयांकाने भागा: ६ कोटी ७४ लाख वर्षे. गुणोत्तरात एक टक्का चूक म्हणजे वयात सुमारे ६ लाख ७० हजार वर्षांची चूक.

मग युरेनियम-२३५ चे (त्याचे शिसे-२०७ होते) दुसरे घड्याळ कशाला? इतक्या तरुण झिरकॉनमध्ये शिसे-२०७ हे शिसे-२०६ च्या सुमारे एकविसाव्या हिश्श्याइतकेच असते, त्यामुळे त्याच्यावरचे वय डगमगते. शंभर कोटी वर्षांहून तरुण खडकांत २०६-२३८ चेच वय घ्यायचे. पण दुसरे घड्याळ पहारेकरी म्हणून कामाचे आहे. दोन्ही घड्याळे एकत्र दाखवणाऱ्या टेरा-वासरबर्ग आलेखावर ठिपके वक्ररेषेपासून वर सरकले की बाहेरचे शिसे किंवा जुना गाभा आत शिरल्याचे कळते.

सरासरीचा सापळा

पंचवीस-तीस ठिपक्यांची वये हाती आली की मन म्हणते, भारित सरासरी काढा आणि मोकळे व्हा. थांबा. शिलारसाच्या कोठीत झिरकॉन उद्रेकाआधी लाखो वर्षे वाढत असतात. आधीच्या शिलारसातले झिरकॉन नंतरच्यात मिसळतात, भोवतीच्या खडकातले पूर्णपणे परकेही येतात. उद्रेक या सगळ्यांच्या नंतरचा. म्हणून सर्वांत तरुण, एकमेकांशी जुळणारा गट शोधायचा. एकटाच तरुण कण मात्र धरू नका. त्यातून शिसे गळाले असण्याची शक्यता मोठी.

गट खरोखर एक आहे का, हे एमएसडब्ल्यूडी सांगतो (वयांचा विखार मोजमापाच्या चुकांच्या तुलनेत किती, याचा आकडा). वीस ठिपक्यांसाठी तो साधारण ०.३५ ते १.६५ मध्ये असावा. तीन आला तर तुम्ही दोन घटना एकात कोंबल्या आहेत. ०.१ आला तर खूश होऊ नका, चुकांचा अंदाज फुगवलेला आहे. आयसोप्लॉट-आर ही संगणकप्रणाली फुकट मिळते आणि हे सगळे करून देते. पण कुठले ठिपके वगळायचे ते आकडे पाहून नव्हे, प्रतिमा पाहून ठरवा, आणि कारण तक्त्यात लिहा.

आर्गॉनची बाजू

पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे. त्यातला सुमारे ११ टक्केच आर्गॉन-४० होतो. नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवतात, पोटॅशियम-३९ चे आर्गॉन-३९ होते आणि मग एकाच वायूत दोन्ही मोजता येतात. नमुना टप्प्याटप्प्याने तापवायचा. सलग तीन किंवा अधिक टप्पे, निम्म्याहून जास्त आर्गॉन-३९ सामावणारे, एकच वय देत असतील तर त्याला पठार म्हणायचे. पहिल्या टप्प्यांत वय जास्त आणि मग घसरत जाणारे, म्हणजे जादा आर्गॉन किंवा बारीक कणांतून उडालेले आर्गॉन-३९. व्यस्त आयसोक्रोन (सगळ्या टप्प्यांच्या आर्गॉन-गुणोत्तरांतून जाणारी सरळ रेषा) काढून हवेतल्या आर्गॉन-४० आणि आर्गॉन-३६ चे गुणोत्तर २९८.५६ येते का तेही बघा.

जुन्या पेपरांतली आर्गॉन-वये जशीच्या तशी उचलू नका. फिश कॅन्यन सॅनिडिन या प्रमाणाचे वय आधी २ कोटी ८० लाख २० हजार धरत, आता २ कोटी ८२ लाखांच्या घरात धरतात. फरक पाऊण टक्क्याच्याही आत, पण खारदुंगच्या वयात तो चार लाख वर्षांवर जातो. आधी एका प्रमाणावर आणा, मग तुलना करा.

आणखी एक: बायोटाइट ३००-३५० अंशांखाली थंड झाल्यावर आर्गॉन धरून ठेवू लागते, हॉर्नब्लेंड ५०० च्या आसपास. झटपट थंड झालेल्या लाव्हात फरक पडत नाही. ग्रॅनाइटमध्ये मात्र बायोटाइटचे वय म्हणजे थंड होण्याचे वय. ते ‘शिलारसाचे वय’ म्हणून छापले की चर्चा वर्षानुवर्षे भरकटते.

सबडक्शनचा पुरावा वयात नसतो

वय कधी ते सांगते, का ते सांगत नाही. त्यासाठी रसायन. बुडणाऱ्या पट्टातल्या पाण्याबरोबर बेरियम, रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, शिसे वर येतात; निओबियम, टँटलम, टायटॅनियम खालीच अडकतात. म्हणून आर्कच्या (सबडक्शनवर उभ्या राहिलेल्या ज्वालामुखींच्या रांगेच्या) खडकांच्या मूलद्रव्य-आलेखात निओबियम-टँटलमच्या जागी खड्डा दिसतो. मात्र बदललेल्या खडकांत बेरियम-रुबिडियम पाण्याबरोबर हलतात. वर्गीकरण टायटॅनियम, झिरकोनियम, निओबियम, इट्रियम, थोरियम अशा जागा न सोडणाऱ्या मूलद्रव्यांवर करा. थोरियम-इटर्बियम विरुद्ध निओबियम-इटर्बियम हा आलेख मी आधी काढतो.

पण निओबियमचा खड्डा दिसला म्हणजे सबडक्शन सिद्ध झाले नाही. पुरावा आपल्या अंगणात आहे. दख्खनच्या बुशे आणि पोलादपूर या लाव्हा-गटांना वर येताना खंडीय कवचाची लागण झाली, आणि त्यांच्या आलेखात तसाच खड्डा उमटला. तिथे सबडक्शन कुठले? आंबेनळी गटाला लागण फार कमी, त्याचा आलेख साफ निराळा. म्हणून स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियमची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) हवीत. बुशेत स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ चे मूळ गुणोत्तर ०.७१३ च्या वर जाते. लडाखच्या ग्रॅनाइटांत ते ०.७०४ च्या आसपास मिळाले आहे. खड्डा आहे आणि समस्थानिके मात्र प्रावरणासारखी, ही जोडी आर्ककडे बोट दाखवते. झिरकॉनच्याच ठिपक्याशेजारी हाफ्नियम मोजता आले तर वय आणि उगम एकाच कणातून कळतो.

सगळे एका रेषेवर

आता वेळरेषा काढा. लडाखची ढोबळ रेषा अशी: द्रासचा समुद्रातला आर्क क्रिटेशियसमध्ये, खारदुंगचे रायोलाइट सुमारे ६ कोटी ७० लाख ते ६ कोटी वर्षांपूर्वी, लडाख बॅथोलिथचा (जमिनीखालीच गोठलेल्या ग्रॅनाइटच्या प्रचंड पिंडाचा) मोठा भर ५ कोटी ८० लाखांच्या आसपास, आणि ५ कोटींच्या आगेमागे शिलारस आटत गेला. भारत-आशिया टक्कर नेमकी कधी, यावर अजून वाद आहे. बहुतेक मते ६ ते ५ कोटी वर्षांच्या पट्ट्यात पडतात. तुमच्या रेषेतला खंड हा खरोखर ज्वालामुखी शांत असल्याचा काळ आहे की तिथला नमुनाच कोणी घेतलेला नाही, हे नकाशावर नमुन्यांच्या जागा टाकून तपासा. रस्त्याकडेच्या ठिकाणांची गर्दी आणि उंच कड्यांवर शुकशुकाट, असेच चित्र बहुधा दिसेल.

लिहिताना वयासोबत अनिश्चितता दोन पातळ्यांवर द्या: एक फक्त मोजमापाची, दुसरी प्रमाण झिरकॉन आणि क्षयांकाची चूक धरून. एकाच सत्रातल्या दोन नमुन्यांची तुलना पहिलीने करायची, झिरकॉनच्या वयाची आर्गॉनच्या वयाशी तुलना दुसरीने. वगळलेले ठिपके, प्रमाणांची वये आणि सगळ्या प्रतिमा पुरवणीत जोडा. उरलेला अर्धा नमुना क्रमांकासह कपाटात ठेवा. परीक्षक तो मागतील.